बिनलॉगिनची यादी

सोमवार, ३ मार्च
आज लाज वाटली. हॉस्पिटलच्या चौकशी-खिडकीवर एक बाई आली होती. भाऊ चार दिवस बेपत्ता. "ओळख न पटलेल्या पेशंटांची यादी असते ना तुमच्याकडे? बघू द्या की!" आहे की यादी. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये मीच बनवलीय! पण ती उघडते कर्मचाऱ्यांच्या लॉगिननेच – हजेरी, रजा, पेशंटांच्या फायली, सगळ्याला तेच एक. खिडकीवरच्या कारकुनाला यादी बघायची परवानगीच नाही. "नंबर लिहून जा," एवढंच तो म्हणू शकला. मला कळलं तोवर ती निघून गेली होती.

मंगळवार, ४ मार्च
साहेबांना म्हटलं, यादी लॉगिनच्या बाहेर काढू या. कुणालाही घरबसल्या दिसू दे. साहेबांनी कॉम्प्युटरची सुरक्षा बघणाऱ्या कुलूपकाकांकडे बोट दाखवलं. काका उसळलेच! "दार सताड उघडं टाकायचं? उद्या काही झालं तर निस्तरणार कोण?" माझं तोंड एवढंसं झालं.

गुरुवार, ६ मार्च
कुलूपकाका स्वतःच खुर्ची ओढून शेजारी बसले! दिवसभर. पेशंटांच्या फायली एकीकडे, यादी पार वेगळीकडे. फोटो नाही, वॉर्ड नाही. फक्त वय, उंची, कपडे. "आणि प्रत्येकाची एक खूण लपवून ठेव. विचारायला येईल त्याने ती सांगावी." केवढा विचार केला होता या माणसाने – आणि मी दोन दिवस त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

शुक्रवार, ७ मार्च
वॉर्डच्या सिस्टरनी जेवण बाजूला ठेवून अकरा जणांची वर्णनं लिहून दिली. एका ठिकाणी – "हिरवा स्वेटर, कोपराला ठिगळ." वर मला म्हणतात, "ठिगळ किती निगुतीने घातलंय बघ. घरी कुणीतरी आहे गं याचं."

सोमवार, १० मार्च
सुरू झाली! ना लॉगिन, ना पासवर्ड.

बुधवार, १२ मार्च
त्या बाईचा भाऊ सापडला! कारकुनाने तिचा नंबर जपून ठेवला होता, त्यानेच तिला यादीची लिंक पाठवली. ठिगळ तिनेच घातलेलं! डोक्याला पट्टी बांधलेला, आजवर स्वतःचं नावही सांगू न शकलेला भाऊ तिला बघून म्हणतो, "किती उशीर गं ताई!" तिने त्याला हलकेच एक चापट मारली आणि मग जी रडायला लागली! मी दारातूनच बघितलं. कुलूपकाका उगाचच चष्मा पुसत होते. कारकून, सिस्टर, काका – कुणाकुणाचे उपकार मानू?

शनिवार, १५ मार्च
आज यादीतली एक नोंद मी घाईघाईने काढून टाकली.
सिस्टरचा फोन आला, वॉर्डचं दार आतून लावून केलेला. यादीतल्या एका बाईचा नवरा आला होता. लपवलेली खूण – पाठीवरचा भाजल्याचा चट्टा – त्याने अचूक सांगितली. त्याला बाहेर बसवून सिस्टर तिला आनंदाची बातमी द्यायला गेल्या. तीन आठवड्यांत ती एक शब्द बोलली नव्हती.
आज बोलली. "मी हरवले नाहीये, सिस्टर. मी पळून आलेय."