चतुर्दशीचं दुसरं पान

आबा, चतुर्दशीला आपण दुसरं पान कुणासाठी वाढायचो, ते मला कळलं. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, आता तुम्ही माझ्यावर डोळे वटारू शकत नाही, म्हणून सांगते. पितृपक्षातली ती चतुर्दशी, हत्यारानं नाहीतर अपघातानं अवेळी गेलेल्यांची. आई वडे तळायची आणि मी पत्रावळी पुसून मांडायची. एक तुमच्या काकांची, ब्रह्मदेशातल्या लढाईत गेले त्यांची. दुसरी कुणाची, ते घरात कुणी बोलायचं नाही. दहा वर्षांची असताना मी एकच मांडली. तुम्ही सोवळ्यात आत आलात, पाहिलंत, आणि माझं मनगट असं धरलंत की बांगडी पिचली. 'दुसरं पान कुठंय?' एवढंच विचारलंत. आवाज चढलेला नव्हता, पण तुम्ही मनगट सोडत नव्हतात. मला वाटलं, राग आलाय.

आणखी एक दिवस काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. इंदरगंजच्या ऑफिसातून तुम्ही भर दुपारीच घरी आला आहात. दादाचं लष्करात भरतीचं पत्र पोस्टमननं वाटेतच तुमच्या हातात दिलंय. मी न्हाणीघराच्या दारात उभी आहे, आणि तुम्ही बंबात लाकडं सारताय, लाकडांमागून तो खाकी लिफाफा सारताय. मला पाहिलंत आणि म्हणालात, 'पाणी तापवतोय.' दादा महिनाभर फाटकात पोस्टमनची वाट बघत उभा राहायचा. मग नई सडकवर कापडाच्या दुकानात बसला तो बसलाच. मी कुणाला काही बोलले नाही, पण तुम्हाला माफही केलं नाही. तुमच्या तेराव्याला पंगतीत वाढतानासुद्धा माझ्या मनात तेच होतं, की या माणसानं माझ्या भावाचं आयुष्य बंबात घातलं.

त्याच रागानं मी तुमच्या काकांच्या मागे लागले. तुम्ही एवढं दडवलंत ना, मग मी उकरून काढणारच. ब्रह्मदेशातल्या युद्धस्मारकावर कोरलेल्या नावांची यादी आता मोबाइलवर बघता येते. माझी लेक तीन दिवस ती यादी चाळत बसली आणि चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात पळत आली, 'आई, मिल गए!' नाव, वडिलांचं नाव, पत्ता आपलाच, लश्कर, ग्वाल्हेर, वय वीस. पुढे आत्याच्या ट्रंकेत त्यांचा फोटोही सापडला. उजवी भुवई जराशी वर चढलेली, थेट माझ्या लेकीसारखी. मी मग सांगतच सुटले. ते घोड्यावर कसे बसायचे, कसे कुणाला भ्यायचे नाहीत. त्यातलं निम्मं माझ्याच पदरचं होतं, आबा. दोन वर्षं आम्ही मायलेकी जेवताना त्यांच्याबद्दलच बोलायचो. आणि एक दिवस ती सहज म्हणाली, 'आई, मी फौजेचा फॉर्म भरून दिला.' मुलाखतीत विचारलं, लष्करातच का यायचंय? तर हिनं सांगितलं, आमच्या घरातले एक जण लढाईवर गेले ते तिकडेच राहिलेत. तुम्ही दादावर पहारा ठेवलात. लेकीवरही ठेवावा लागेल, हे तुमच्या ध्यानीमनी कशाला येईल, तेव्हा मुलींना कोण घेत होतं?

तिची निवड झाली म्हणून गेल्या आठवड्यात मी पेढे घेऊन सिटी सेंटरला आत्याच्या घरी गेले. नव्वदीची झालीय, पण सगळं लख्ख आठवतं. पेढा तिच्या हातातच राहिला. म्हणाली, 'काकाला जायचं नव्हतं गं. आमच्या आजीनं, त्याच्या आईनंच पाठवला त्याला. उंबऱ्यात ओवाळलं, हातावर दही घातलं, म्हणाली, घराण्याचं नाव काढ. तार आली तेव्हा रडलीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी तुझ्या आबाला घेऊन विहिरीवर गेली. तो पाच वर्षांचा. त्याला काठावर बसवलं, हातातल्या पाटल्या काढून त्याच्याजवळ दिल्या आणि म्हणाली, धर जरा.' तुम्ही दिवेलागणीपर्यंत त्या धरून बसला होतात म्हणे. पाटल्या तुमच्या मुठीतून सोडवायला दोघं लागली. आबा, हे तुम्ही एकदा तरी सांगायचं होतंत. मी तुमच्या काकांच्या गोष्टी रंगवल्या नसत्या.

आता सोमवारी लेक निघणार. तेही पितृपक्षातच, फौज काही पंचांग बघत नाही. ती निघाल्यावर आठ दिवसांनी चतुर्दशी आहे. काल तिनं विचारलं, 'आई, निघताना हातावर दही देशील ना?' मी हो म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेले. मला भीती वाटते. नुसती ती परत येणार नाही याची नाही, मीच तिला पाठवलं याची. विहिरीच्या त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण हल्ली स्वयंपाकघरात पाठमोरं कुणीतरी उभं आहेसं वाटतं.

तुमचं सोपं होतं. आता घरात बंब नाही, गीझर आहे, आणि पत्र तिच्या मोबाइलवर आलंय. फक्त बारावीची मूळ मार्कशीट बरोबर न्यायचीय, तिच्याशिवाय आत घेत नाहीत. ती परवापासून सापडत नाहीये. पोरीनं कपाटं, गाद्या, देवघरातले खण, सगळं पालथं घातलं. आत्ताही पलीकडच्या खोलीत ड्रॉवर ओढल्याचे आवाज येताहेत. 'आई, तू टेन्शन मत ले, मिळून जाईल,' असं मलाच समजावतेय. सकाळी मीही तिच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होते. आबा, हा कागद मी त्या मार्कशीटवर ठेवूनच लिहितेय.