मधला श्वास

२२ जुलै १९९४, शुक्रवार

गाणं गेलं! वाकुईने फोनवरच सांगून टाकलं. "शिगेनो-सान, 'शेवटचा थांबा' रुकाला देतोय हं. कंपनीचं ठरलंय." आणि त्याच दमात, "सोमवारी तिच्यासाठी कच्ची टेप गाऊन द्याल ना? तुमच्यासारखं कुणी गात नाही."

कुणी गात नाही, म्हणून मला काढलं! मार्चपासून रेकॉर्ड कंपनीचा हाच डायरेक्टर सांगत होता – गाणं तुमचं, नाव तुमचं, कव्हरवर फोटोही तुमचा. फोटोसाठी मी निळा कोट घेतला. त्याची किमतीची चिठ्ठी अजून कापलेली नाही.

अकरा वर्षं हेच करतेय. नाव असलेल्यांना चाल कळावी म्हणून आधी आपण गायचं. ते टेपवरून शिकतात, मग आपला आवाज पुसून टाकतात. कव्हरवर मागे गाणाऱ्यांची नावं येतात, फोटोवाल्याचं येतं, केस विंचरणाऱ्याचंसुद्धा येतं. कच्ची टेप गाणारीचं येत नाही. तशी पद्धत नाही म्हणे!

२३ जुलै

आईला आता काय तोंड दाखवू? इतोइगावाहून निघाले त्या दिवशी ती दुकानात गिऱ्हाइकाची दाढी करत होती. वस्तरा हातात तसाच धरून म्हणाली, "रेकॉर्डवर नाव छापून आलं की ये. नाहीतर येऊ नकोस." मीही तिचीच मुलगी. दर नव्या वर्षाला कार्ड पाठवते – माझं नाव, पत्ता, बाकी कोरं. उत्तर एकदाही नाही. ती आता अडुसष्टची झाली. या वर्षी जाता येईल असं वाटलं होतं.

२५ जुलै, सोमवार

गाऊन आले. हो, गेले! नाही म्हटलं असतं तर उद्यापासून कुठल्याच स्टुडिओतून बोलावणं आलं नसतं.

एक चूक झाली. 'दार लावू नकोस, मी येतेच आहे' या ओळीत 'मी'नंतर श्वास घेतला. लहानपणी डांग्या खोकला झाला होता, तेव्हापासूनची खोड. गावातल्या स्पर्धेत आई पहिल्या रांगेतून डोळे वटारायची आणि घरी आल्यावर पाठीत धपाटा – "तिथे कुठे श्वास घेतेस? ओळ मोडली ना!" रागात गायलं की हमखास होतं. वाकुईला म्हटलं, पुन्हा गाते.

"राहू द्या हो, कच्चंच तर आहे. कोण ऐकणार?"

१८ ऑगस्ट, गुरुवार

रुकाचं रेकॉर्डिंग. मला कोपऱ्यात बसायला बोलावलं होतं, अडलं तर सांगायला. सतरा वर्षांची पोर. मला बघून ताडकन उठली, कंबरेत वाकली, गुरूला हाक मारावी तशी म्हणाली, "सेन्सेई, तुमची टेप रोज शंभरदा ऐकली!" वही दाखवली. माझ्या प्रत्येक श्वासाला लाल पेन्सिलीची खूण. 'मी'च्या पुढेही!

आणि गायली ती तशीच. वाकुई म्हणाला, तो श्वास काढ. तिला निघेना. श्वास गाळला की पुढचा शब्द घसरायचा. एकोणीस वेळा गायली, मग रडायला लागली. वाकुई सगळ्यांसमोर माझ्यावर उलटला – "तुमची खोड तिच्या गळ्यात बसलीय! तीन आठवडे फुकट!"

आणि मी काय केलं? वाकले. "माझी चूक झाली" म्हणाले. चौतीस वर्षांची घोडी, स्वतःचं गाणं दुसरीला देऊन वर माफी मागितली! तळपायाची आग मस्तकात गेलीय आणि अजून उतरत नाही.

६ सप्टेंबर

वाकुईचा फोन. आवाजात साखर. "अध्यक्षांना तोच श्वास आवडला! म्हणाले, पोरगी रडू आवरतेय असं वाटतं. जाहिरातीत तोच तुकडा घेणार."

म्हटलं, मग कव्हरवर माझं नाव घाला. शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात घाला.

"शिगेनो-सान, तुम्ही जुनं माणूस. पद्धत मी तुम्हाला सांगायची का?"

फोन आपटला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

९ नोव्हेंबर, बुधवार

आज सीडी बाजारात आली. दुकानात चवड लागली होती. सीडी उलटून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. माहीत होतं, तरी वाचली.

शेजारी मासिक. त्यात वाकुईची मुलाखत – 'त्या एका श्वासासाठी मी रुकाकडून तीन दिवस मेहनत करून घेतली.' तीन दिवस! काढ, काढ म्हणून पोरीला रडवलं ते कोणी? मासिक तिथेच टराटरा फाडलं. मग विकत घ्यावं लागलं.

१२ नोव्हेंबर

टोफूवाल्याच्या रेडिओवर तेच. स्टेशनबाहेर तेच. शाळेच्या पोरी 'मी'नंतर मुद्दाम दम घेऊन गातात आणि खिदळतात. माझी खोड घेऊन सगळं शहर फिरतंय आणि मला कोणी ओळखत नाही!

१३ नोव्हेंबर, रविवार

रुका चाहत्यांशी हात मिळवत होती, तिथे गेले. का गेले, कोण जाणे. कदाचित दोन शब्द सुनावायला. तासभर रांगेत उभी राहिले. मला बघताच तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "सेन्सेई, मी तुमचं नाव सांगितलं होतं त्यांना. दोनदा. तिसऱ्यांदा ओरडले माझ्यावर." तिच्याबरोबरच्या कंपनीच्या माणसाने मला खांद्याला धरून पुढे ढकललं. सुनावायचं राहूनच गेलं. या पोरीवर रागावता येत नाही, त्याचाच जास्त राग येतोय.

१६ नोव्हेंबर

निळा कोट कपाटात मागे ढकलला. यंदा कार्डही पाठवणार नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आईचं पोस्टकार्ड. अकरा वर्षांत पहिलं. वस्तऱ्यासारखं अक्षर.

"दुकानात रेडिओवर ऐकलं. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर तसंच बसून राहिलं. गाते ती पोरगी दुसरीच कुणीतरी, पण तिला तो श्वास कुणी शिकवला ते मला कळणार नाही होय? अजून तिथेच घेतेस! नावाचं राहू दे. दार लावलेलं नाही."

कोटाची चिठ्ठी कापली.