ओल्या लाकडाला तेल लावू नये

रामनगर, ता. जोयडा

आदरणीय अमोलदादा,

लखूचा वाकून नमस्कार. सावित्रीआत्याचा गुडघा थंडीत पुन्हा धरतो का? तिला म्हणावं, ओवाळून घ्यायला येईन तेव्हा मी खाली बसेन, तिने खुर्चीवरून ओवाळावं. आतोबांची बीपीची गोळी चुकत नसेल, अशी आशा. इकडे आई-बाबा खुशाल. मीही खुशाल म्हणायला हरकत नाही; डावा गाल आणि दोन्ही हात सुजलेत, त्याचं कारण पुढे ओघात येईल. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे, रागामुळे नव्हे. (राग आहे. पण तो अक्षरात उतरू नये म्हणून तांब्याभर पाणी पिऊन बसलोय.)

तुझा मेसेज मिळाला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर मी तापतो आणि मधेच कापतो, हे तुला माहीत आहे. बोलून पाठवलं असतं तर ते तुमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना ऐकू गेलं असतं. म्हणून कागद. तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, हा पाण्याच्या मशीनने अंगणातले लाकडी डेक आणि पायऱ्या धुवायचा, लाकूड पुन्हा नवं करायचा धंदा नंदगड-खानापूरकडे चालेल का आणि कसा करावा. दुसरी, गुंदच्या वाटेवर होमस्टे चालवणाऱ्या बाबुकाकांची सुप्रिया तुम्हाला पसंत आहे, तर घरचा माणूस म्हणून मी त्या घराची नीट चौकशी करून कळवावं. माझं उत्तर आलं की तुम्ही होकार देणार. दादा, पहिलीवर पोटभर लिहितो. दुसरीवर मग येतो. तू घाई करू नकोस. कशाचीच.

तर मशीन. विजेवरचं घेऊ नकोस. दुकानदार म्हणेल, आवाज कमी. खरं आहे, कारण आपल्याकडे वीज जाते आणि मग आवाज अजिबातच नसतो. अर्धा डेक साबणाने माखलेला, मालक कमरेवर हात ठेवून उभा, आणि आपण बटण दाबत बसलोय. पेट्रोलवरचंच घे. पाणी ओढ्याचं असेल तर पाइपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून बांध, नाहीतर कुजका पाला पंपात जातो. (आईला विचारून तुकडा घे. मी विचारलं नव्हतं.) साबणाचं पाणी ओढ्यात सोडू नकोस, आमच्याकडे हा वाघांचा मुलूख आहे, आणि वन खात्याची माणसं वाघापेक्षा लवकर येतात. गिऱ्हाईक फोनवर ‘बारकासाच डेक हाय’ म्हणालं तरी स्वतः जाऊन बघ, आणि आधी फळ्यांखाली वाकून बघ. अणशीकडे एका ठिकाणी मी न बघता धुवायला उभा राहिलो आणि मांडीपर्यंत खाली गेलो. मालकाचं म्हणणं असं पडलं की फळी इतकी वर्षं शेवाळानेच धरून ठेवली होती, ते काढलं म्हणून तुटली; आणि तो माझ्याकडेच नवी फळी मागत होता.

आता मुख्य गोष्ट. चिरा वेगळा, लाकूड वेगळं. चिऱ्याच्या पायरीला कितीही झोडपलंस तरी ती फार तर लाल होते. लाकडाला पाणी पसरट तोटीने, हातभर अंतरावरून, रेषेरेषेने द्यायचं. कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, आधी मारून बघायचं. आणि हे कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत, म्हणून मी लिहितो: रागात असताना लाकूड धुवायचं नाही. हे मला बाबुकाकांच्या डेकवर कळलं. यापुढचं तू शांतपणे वाच, मीही शांतपणे लिहितो.

बाबुकाकांनी बोलावलं तेव्हा मला वाटलं, उळवीच्या जत्रेसाठी खोल्या भरतात, त्याची तयारी असेल. मी आनंदाने गेलो. (त्या घरी मी आनंदानेच जातो. तिथल्या पायऱ्या वर्षात इतक्या वेळा धुतल्यात की जोयड्यात तेवढ्या स्वच्छ पायऱ्या दुसऱ्या नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या वेळा मला कुणी बोलावलंही नव्हतं.) मशीन सुरू केलं, आणि शकुंतलाकाकू चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, डेक आरशासारखा कर, रविवारी सुप्रियाला बघायला पाहुणे येणारेत. नंदगडचे. मग मला बरं वाटावं म्हणून हसून सांगितलं की परके नव्हेत, तुझ्या सावित्रीआत्याचा अमोल.

दादा, राग काढायचा तर समोर माणूस परका तरी हवा. परका असता तर मी त्याच्या गाडीची हवा सोडली असती. पण ज्याच्या सायकलवर मी चालवायला शिकलो, ज्याने मी कॉलेज सोडलं तेव्हा बेळगावच्या स्टँडवर चारचौघांत माझा उद्धार केला आणि मग पोटभर जेवू घालून गाडीत बसवून दिलं, त्याच्यावर रागवायचं तर कुठल्या तोंडाने? मग सगळा राग तोटीतून गेला. तोटी कधी हातावरून चार बोटांवर आली ते कळलं नाही. भानावर आलो तेव्हा मधल्या फळ्यांवर कुत्र्याला बघून घाबरलेल्या मांजरासारखे केस उभे होते. ते मी गुडघ्यावर बसून पॉलिशपेपरने घासून बसवले, दिवसभर. बाबुकाका येऊन दोनदा बघून गेले आणि पोरगं फारच मन लावून काम करतंय म्हणाले.

इथून खरी अडचण सुरू होते. धुतलेलं लाकूड दोन-चार कडक उन्हं खाल्ल्याशिवाय तेल घेत नाही, आणि या दिवसांत गुंदकडे दुपारपर्यंत धुकं हटत नाही. बाबुकाकांना मात्र रविवारपर्यंत डेक काळाभोर चमकायला हवा होता. त्यांनी कुठून तरी काजूच्या टरफलाचं तेल आणलं. आजोबांच्या घराच्या वाशांना तेच लावलेलं, आजतागायत वाळवी नाही, असा त्यांचा दाखला. मी म्हटलं, काका, वासे डोक्यावर असतात, त्यांच्यावर कुणी अनवाणी बसत नाही. ते तेल ओल्या लाकडावर सुकणार नाही, आणि कच्चं अंगाला लागलं तर भाजतं. लहानपणी ओल्या काजूबिया फोडून आपण ओठ सुजवून घ्यायचो, आठवतं ना? पाहुणे चपला काढून, पाय धुऊन, ओल्या पायांनी त्याच्यावर बसणार. यंदा तेल नको, नुसतं धुतलेलं लाकूडही छान दिसतं. नाहीतर बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकला. एवढं मी बोललो, आणि शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. जे सगळ्या गुंदला माहीत होतं ते त्यांनाही माहीत होतं, फक्त त्या दिवसापर्यंत ते तोंडावर बोलले नव्हते.

‘‘तम्मा,’’ धाकट्या भावाला हाक मारावी तसे ते म्हणाले, ‘‘लाकूड वलं हाय का तुझं डोळं?’’

दादा, तू धंद्यात पडणार असशील तर ही अडचण ध्यानात ठेव. आपला सल्ला शंभर टक्के खरा असतो, आणि तो खरा ठरण्यात आपला फायदा असतो म्हणून कुणी मानत नाही. मी तापलो. तेलाच्या डब्याला लाथ घालणार होतो, पण आत काय आहे ते माहीत असल्यामुळे घातली नाही. मशीन तिथेच टाकून मागच्या दाराने निघालो. विहिरीवर सुप्रिया होती. तिने सगळं ऐकलं होतं. घागर खाली न ठेवताच म्हणाली, ‘‘खरंच भाजतं, का पावणे येऊ नयेत म्हणून सांगतोयस?’’

मी म्हटलं, ‘‘दोन्ही.’’

ती म्हणाली, ‘‘मग बाबांना पहिलं तेवढंच सांग जा. दुसरं मला विचारल्याशिवाय कुणाला सांगू नको.’’

मी परत जाऊन पहिलं तेवढंच सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने, काठीला फडकं बांधून, अर्ध्याहून जास्त डेक माखला.

रविवारी सकाळी मी स्टँडवर चहा घेत बसलो होतो. खरं लिहितो. मला काहीच करायचं नव्हतं. तुम्ही सगळे तिथे बसणार, दुसऱ्या दिवशी नंदगडमध्ये मलमं संपणार, आणि आत्या म्हणणार, त्या घरचा पायगुण बरा नाही. एवढं सोपं. मला बोटही हलवायचं नव्हतं. चहा संपेपर्यंत मी फार सुखात होतो. मग डोळ्यांपुढे आलं की चहाचा ट्रे घेऊन त्या फळ्यांवर चालत कोण येणार, आणि अनवाणी येणार. त्यानंतर आत्याचा गुडघाही आठवला. (तू तिसरा आठवलास. पण आठवलास.)

पुढचं तू पाहिलंसच, पण का ते तुला माहीत नाही. तुमची जीप फाटकात वळली तेव्हा मी मशीन पूर्ण जोरात सोडून सगळा डेक भिजवत होतो. मी वेडा नव्हतो झालो. तेल पाण्याने निघत नाही, हे मला कळतं. पण तळं साचलेल्या जागी पाहुण्यांना कुणी बसवत नाही. बाबुकाका माझ्या अंगावर धावून येत होते आणि तुम्हाला बघून अर्ध्या वाटेत त्यांनी हात जोडले. म्हणून तुम्ही पडवीत बसलात. म्हणून कार्यक्रम छान झाला. म्हणून सुप्रिया तुम्हाला पसंत पडली. हे सगळं मीच घडवून आणलंय, याचा विचार मी कालपासून करतोय. त्यात तू बाहेर येऊन मशीनभोवती फिरत राहिलास, मिनिटाला पाणी किती, दाब किती, मायलेज किती. दादा, पोरीपेक्षा तू मशीन जास्त वेळ पाहिलंस. मी बघत होतो.

तेलाचे शिंतोडे माझ्या तोंडावर आणि हातांवर उडाले होते. दोन दिवसांत मी असा झालो की आईने दारातच ओळख विचारली. बातमी गुंदला पोचली तसे बाबुकाका स्वतः आले, शहाळी घेऊन. खाटेशी बराच वेळ बसले. त्यांना वाटलं होतं मी खोटं बोलतोय, असं म्हणाले. मग उठताना म्हणाले, ‘‘माझा शब्द नंदगडला गेलाय, लखू. आता तिकडून काय येतंय त्येच. मला मागं घेता येत न्हाई.’’ मी काही विचारलं नव्हतं. तरी म्हणाले.

तर धंदा असा आहे. कष्टाचा आहे, पण चांगला आहे. लहान-मोठ्यांना नमस्कार. खानापूर गाडीच्या कंडक्टरकडे पत्र देतोय, तो तुझ्याच हातात देईल.

तुझा मामेभाऊ,
लखू

ता. क. दुसरी गोष्ट राहिली. घराची चौकशी केली. घर सरळ आहे. कुणाला व्यसन नाही, आजार नाही, भाऊबंदकी नाही. काका हट्टी आहेत, पण चुकले तर शहाळी घेऊन येतात. मुलीत खोट शोधायचं काम मी शाळेपासून करतोय, अजून सापडलेली नाही. मी मुद्दाम खोटं लिहून तुझं मन फिरवू शकलो असतो. कालच्या रात्रीच्या कागदावर तसं लिहिलंही होतं, तो चुलीत गेला.

ता. क. २. वरचं सगळं सुप्रियाला दाखवलं. शेळीसारखा फिरून फिरून एकाच झाडाशी येतोस म्हणाली, आणि दुसरं सांगायला आता हरकत नाही म्हणाली. तर दादा, नकार कळव. तिचंही म्हणणं तेच आहे, आणि तो तुमच्याकडूनच यावा, म्हणजे तिच्या बाबांची मान खाली जायची नाही. कारण काहीही दे. पत्रिका म्हण, लांबचं अंतर म्हण. फक्त डेक बरा नव्हता असं म्हणू नकोस. तो मी केलाय.

ता. क. ३. होकार आधीच कळवून झाला असेल, तर नवं मशीन घेऊ नकोस. माझं घेऊन जा. पाइप जोडावर थोडा गळतो, तेवढा बांधून घे.