व्हर्लिनचं मत

९ ऑक्टोबर, बुधवार

टपालाने व्हर्लिनची मतपत्रिका आली. त्याने पाकीट हातात घेतलं, वजन बघावं तसं वर-खाली केलं आणि उशीखाली ठेवलं.

“पाच नोव्हेंबरला हॉलवर येईन की मी मतदानाला. चालत.”

स्वयंपाकघरापर्यंत चालवत नाही त्याला. डॉक्टर आधी म्हणत होते, थँक्सगिव्हिंगपर्यंत काढेल— फार तर नोव्हेंबरअखेर. आता काहीच म्हणत नाहीत.

दुपारी स्वतःच म्हणाला, टपालानेच देतो. पाकिटावर साक्षीदाराची सही लागते. मी करते म्हटलं.

“तू नको. तू हॉलवरची मतदानाची मुख्य. शेजारच्या ड्वेनच्या हाती आयतं कोलीत.”

“मग क्लार्कला, बेव्हला बोलावते.”

छताकडे बघत राहिला. मग— “मारिटला बोलव.”

चार वर्षांत मुलीचं नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं!

१० ऑक्टोबर

मारिटला फोन केला.

“बाबांनीच सांगितलं?”

हो.

“ते मत कुणाला देणार हे आपल्याला ठाऊक आहे, आई. आणि त्यावर सही मी करायची.”

हो.

“शनिवारी येते.”

१२ ऑक्टोबर, शनिवार

शहरातून चार तास गाडी चालवत आली. ड्वेनचं मक्याचं शेत आमच्या कुंपणाला लागून. तो यंत्रावरून खाली उतरून आला, टोपी मागे सारली.

“काय गं मारिट, तुमच्या शहरातली मेलेली माणसं मतदान करून आली का?”

“रांगेत आहेत, ड्वेनकाका. लांबून तुमच्यासारखीच दिसतात.”

ड्वेन पोट धरून हसला. मीही हसले. किती दिवसांनी!

घरात मात्र— व्हर्लिन तिच्यासमोर मला म्हणतो, “तिला विचार, रस्ता कसा होता.” ती मला म्हणते, “सांग, बरा होता.” मी मध्ये सूप घेऊन उभी.

चार वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगचं जेवण चालू असताना झालं ते. ती म्हणाली होती, तुमच्याकडे माणसांपेक्षा गाई जास्त, आणि राज्य कुणाचं ते तुम्ही ठरवता. तो म्हणाला, गाईंनी मला कधी मूर्ख म्हटलं नाही. मग अजून बरंच काही. शाळा, बंदुका, देव. टर्की तशीच राहिली. ती कोट घालून निघून गेली आणि त्याने तिची खुर्ची गोठ्याच्या माळ्यावर नेऊन टाकली. आज मी ती खाली आणली, पुसली. तो बघत होता.

१३ ऑक्टोबर, रविवार

चर्च चुकवलं. व्हर्लिनच्या खोलीत दोघं. मी अंगणात पानं गोळा करत होते. दार बंद. चाळीस मिनिटं! मतपत्रिकेवरचे एवढे थोडे गोल भरायला!

खिडकीतून आवाज असा नाही. एकदा तो खोकला. एकदा खुर्ची सरकली.

मारिट बाहेर आली ती बंद पाकीट घेऊन. त्याची सही वाकडीतिकडी, खाली तिची, तिचा शहरातला पत्ता. नळाखाली हात धूत राहिली.

“बोललात काही?”

“मतदान केलं, आई. गप्पा नाही मारल्या.”

जेवायलाही थांबली नाही.

संध्याकाळी व्हर्लिन म्हणाला, “बारीक झालीय.” एवढंच.

१४ ऑक्टोबर

पाकीट बेव्हकडे दिलं. ती गावची क्लार्क. तिच्या घरातल्या लोखंडी पेटीत पाच तारखेपर्यंत कुलपात राहील. बेव्ह पलीकडच्या पक्षाची, मारिटसारखी— अख्ख्या गावात असे साठेक असतील— पण तीस वर्षं आम्ही दोघी हॉलवर एका टेबलाला बसतो. ती बिस्किटं आणते, मी कॉफी. राजकारण कधी आणलं नाही.

१९ ऑक्टोबर

काही खात नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार

व्हर्लिन गेला. सकाळी सव्वासहा.

२६ ऑक्टोबर, शनिवार

दफन झालं. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच, बटाट्याचं सॅलड, तीन प्रकारचे केक. सगळ्यांनी हात हातात घेतले. बायकांनी भांडी घासून ठेवली. मी उभीच राहिले, बसले असते तर उठले नसते.

ड्वेन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल. “एक बरं झालं, अर्डिस. त्याचं मत पडलं जायच्या आधी. ते तरी कुणी काढून घेऊ शकत नाही.”

मारिट शेजारीच होती. तिने मान हलवली— हो म्हणून!

मला नियम ठाऊक आहे. बेव्हलाही. टेबलापलीकडून तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा केक कापू लागली.

मतदानाच्या दिवसाआधी माणूस गेला तर त्याचं मत मोजायचं नाही.

२७ ऑक्टोबर

मारिटला सांगितलं. ती परत निघायच्या तयारीत होती, बॅग हातात.

“म्हणजे फेकून देणार?”

फेकायचं नाही. उघडायचं नाही. नामंजूर लिहून वेगळं ठेवायचं.

“त्यांनी जिवंतपणी भरलंय, आई. मी समोर होते.”

नियम आहे.

“तुझ्या नवऱ्याचं मत आहे ते!”

मी म्हटलं, चार वर्षं ज्या मतापायी तू या घरात आली नाहीस, तेच मोज म्हणतेस? एक कमी झालं तर तुमचाच फायदा. हे बोलायला नको होतं. ती दाराला टेकून उभी राहिली. वाटलं, काही सांगेल.

“माझ्यासाठी मोज,” एवढंच म्हणाली.

ती निघाली. खुर्ची टेबलाशीच आहे. माळ्यावर न्यायला माणूस नाही.

३१ ऑक्टोबर

हॅलोविन, पण मुलं गोळ्या-चॉकलेटं मागायला आली नाहीत. दारातला दिवा लावायचाच राहिला असावा.

३ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर ड्वेनने गाठलं. तोही हॉलवर असतो आमच्याबरोबर. त्याला कळलंय. बेव्ह बोलायची नाही. त्याने नियमांचं पुस्तक स्वतःच काढून वाचलं असणार.

“कुणाला कळणारय, अर्डिस?”

तुला, मला, बेव्हला.

“काल बेव्हला विचारलं, तर तिने नुसती मान खाली घातली. मी समजलो.”

बेव्हसुद्धा! तिच्या विरुद्ध बाजूचं मत, आणि तिनेही मान खाली घातली. घरी आले आणि कोटासकट पलंगावर बसून राहिले. सगळ्यांनी मिळून मला एवढी मोकळीक दिली आहे. कुणीतरी नाही म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

मोजावं. एक पाकीट. तीस वर्षं हा माणूस पाच वाजता उठून मला हॉलवर सोडायचा, बाहेरचं बर्फ उपसायचा, मग रांगेत पहिला उभा राहायचा. मोजलं तर काय बिघडेल?

४ नोव्हेंबर

झोप नाही. पेन्सिली टोकदार करून ठेवल्या. लागत नाहीत, पेनाने भरतात. तरी केल्या.

५ नोव्हेंबर, मंगळवार

सातला दार उघडलं. बाहेर अकरा माणसं, गोठ्याचे बूट. पहिली जागा मोकळी सोडून उभे होते— कुणी ठरवलं कोण जाणे.

दुपारी गर्दी ओसरली. टपाली पाकिटं घेतली. प्रत्येकावरचं नाव मोठ्याने वाचायचं, यादीत खूण करायची, उघडायचं, मतपत्रिका यंत्रात घालायची. चौतीस पाकिटं. एकविसावं व्हर्लिनचं.

हातात धरलं. ड्वेन हळूच म्हणाला, “वाच आणि घाल. मी खिडकीबाहेर बघतो.” आणि खरंच खिडकीकडे वळला. बेव्ह बिस्किटांचा डबा उघडत होती, मिटत होती.

मी म्हटलं, “ड्वेन, शहरात कुणी असं केलं असतं तर?”

“ते वेगळं.”

“कसं?”

“व्हर्लिनला आपण ओळखत होतो.”

“तिकडच्यांनाही तिकडे कुणीतरी ओळखत असेलच.”

तो वळला. तोंड असं झालं होतं, जणू मी त्याच्या बैलावर गोळी झाडली. “नवऱ्याला दुसऱ्यांदा पुरतेयस तू.”

नाव वाचायचंच असतं. मोठ्याने वाचलं. व्हर्लिन आर्नोल्ड टॉर्गर्सन. मतदान करायला आलेली दोन माणसं थांबली. एकाने टोपी काढली. मी पाकिटावर लिहिलं— नामंजूर. कारणाच्या रकान्यात— मतदार मृत. अक्षर चांगलं आलं. शाळेत चाळीस वर्षं फळ्यावर लिहिलंय, हात आपोआप चालतो.

बाविसावं वाचलं.

दोनला मारिटचा फोन. तिकडे शाळेच्या जिन्यावर अडीच तास रांगेत होती, पुढे शंभर माणसं. आमच्याकडे कुणी दहा मिनिटंही उभं राहत नाही. “मोजलंस?” नाही. फोनमध्ये माणसांचा, मुलांचा आवाज येत राहिला. मग तिने ठेवला.

६ नोव्हेंबर

आमच्या गावात २०७ आणि ६१. मारिटच्या वस्तीत बरोबर उलटं, टीव्हीवर नकाशा दाखवत होते. आमचा सगळा भाग एका रंगाचा, शहर दुसऱ्या रंगाचा ठिपका. बघताना वाटलं, यातलं कुणीही कुणाच्या घरी जेवायला जात नसेल. टीव्ही बंद केला.

नामंजूर पाकीट जिल्ह्याच्या कचेरीत गेलं. काही महिने ठेवतात, मग तसंच बंद जाळतात.

१० नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये ड्वेनची बायको माझ्या बाकावरून उठून दुसरीकडे जाऊन बसली. ड्वेनने ओळख दाखवायला मानही हलवली नाही. म्हणे, ‘नियमाची बाई’ म्हणतात आता मला. शहरातल्यांना नावं ठेवतात तसं.

१४ नोव्हेंबर

मारिटचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. पुढच्या निवडणुकीला हॉलवर बसणार नाही असं बेव्हला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. बिस्किटांचा डबा ठेवून गेली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. उजाडल्यापासून बंदुका.

मारिटचा फोन.

“आई, त्या दिवशी बाबांचा हात गोलावर टिकेना. ते सांगत गेले, मी भरत गेले. सगळे गोल. त्यांनी सांगितले तसेच.”

मदतनीसाची सही मतपत्रिकेच्या मागे लागते— माझ्या तोंडून हेच निघालं!

“केलीय. जागा त्यांनीच दाखवली.”

पुढे बराच वेळ दोघी नुसत्या बंदुका ऐकत होतो. मग म्हणाली, “पहिल्याच गोलाला मी थांबले. त्यांनी विचारलं, पटत नाही ना तुला? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग नीट भर. रेषेबाहेर जाऊ देऊ नकोस.”