एका खोक्यात भाकरी आणि चटणी

३ नोव्हेंबर, सोमवार
शुक्रवार पेठेतल्या दुकानदारानं आमच्या बचत गट प्रकल्पाला ऑर्डर दिली एकदाची! पाचशे खोकी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी एकत्र. आणि गावात लिंगायत आळी न् बौद्ध वस्ती एकमेकींचं तोंड बघत नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत दगड पडले त्याला दीड वर्ष झालं. केसेस चालूच. तेव्हापासून बौद्ध वस्तीतल्या बायकांची भाकरी गावात कुणी विकत घेत नाही. दहा जणींचं काम बंद. शहरातली ही ऑर्डर एवढाच रस्ता उरलाय.

त्यांच्या गटाच्या मनकर्णाबाई नमुना घेऊन बसल्याच होत्या. भाकरी पुढं केली. सोमवार आहे म्हटलं. सोमवारचे उपास मी कधीच सोडलेत — पण भूक नव्हती.

६ नोव्हेंबर, गुरुवार
चटणीच्या गटाच्या सिद्धम्मा आमच्याच लिंगायतांतल्या, आईच्या ओळखीच्या. वाटलं, ऐकतील. कुठलं काय! चटणी देतील, पण त्या भाकरीशेजारी एका खोक्यात नको. अहो, चटणी बंद पिशवीत असते! तासभर डोकेफोड केली. मग त्यांच्याकडेच जेवून उठले.

जाता जाता मनकर्णाबाईंकडे डोकावले. पुन्हा भाकरी. गुरुवार सांगितला.

८ नोव्हेंबर, शनिवार
ऑफिसातल्या साहेबांना व्हॅल्यू चेनचा तक्ता हवाय, माल कुणाकडून कुणाकडे जातो ते दाखवणाऱ्या बाणांसकट. सिद्धम्मांच्या चौकटीतून मनकर्णाबाईंकडे बाण कसा नेऊ? साहेबांनी येऊन काढून दाखवावा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
शाळेत दोन्ही गटांची बैठक. माझा संताप झाला होता, अर्धा तास मीच बोलले. अजून खाण्यात भेद करता, लाज कशी वाटत नाही, इथपर्यंत गेले. सिद्धम्मांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "आधी तू खाऊन दाव की ती भाकरी. मग ठेव माझी चटणी शेजारी."

मनकर्णाबाईंनी टोपलीवरचं फडकं काढलं. वीस बायका बघत होत्या. आणि माझ्या तोंडून निघालं — आज मंगळवार आहे.

कुणी हसलंसुद्धा नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी मनकर्णाबाईंचा फोन. ऑर्डर नको म्हणाल्या. "गुरवारी तुमी सिद्धम्माकडं जेवलासा की, ताई. ती तोंडावर न्हाय म्हणती, तिच्याशी भांडता येतंय. तुमच्याशी कसं भांडायचं?"