गिअरचा हात

३ मे, सकाळ
आज पुन्हा नागाव ते अलिबाग फेरी. शेजारच्या अनंताच्या छातीत दुखत होतं. गॅस आहे, सोडा प्यायलो की बरं वाटेल, असं म्हणत होता. ऐकलं नाही. उचलून माझ्या इको गाडीत घातला आणि कॅज्युअल्टीत पोचवला. अ‍ॅटॅकच निघाला. वाचला.

गावात कोणाला काही झालं की आधी मला फोन, मग देवाला. माझा नियम साधा आहे. छातीवर ओझं वाटलं, डावा हात दुखला, गार घाम फुटला, की चर्चा बंद. गाडीत बसायचं. कॅज्युअल्टीतल्या कल्पिता सिस्टर म्हणाल्या, हिरामणदादा, वेळेत आणलंत. मी म्हटलं, आपण वेळेतच आणतो.

हेमालीची हळद ९ ला, लग्न १० ला. एकुलती एक पोर. आजारी पडायला कोणालाच परवानगी नाही.

५ मे
मांडवाच्या खुर्च्या गच्चीवर चढवल्या. छातीवर ओझं. खुर्च्यांचंच असणार. खुर्च्या खाली ठेवल्यावरही ते बराच वेळ राहिलं, म्हणजे पित्त. कालच्या सुकटीत तिखट जास्त पडलं होतं. जनीला तसं सुनावलं. ती म्हणाली, सुकट सगल्यांनी खाल्ली, तुलाच कशी बाधली? बायकोशी मेडिकल चर्चा करू नये.

कोकम सरबत प्यायलो. संकल्प: लग्नापर्यंत तिखट बंद.

६ मे
हळदीच्या मटणाचा मसाला चाखावा लागला. यजमानाचं कर्तव्यच आहे ते. संकल्प उद्यापासून.

डावा हात दुखतोय. यात घाबरण्यासारखं काय? गिअर डाव्या हातानेच टाकतात. त्यात आमच्या इकोचा सेकंड गिअर हट्टी, माझ्याशिवाय कोणालाच पडत नाही. जनीने विचारलं, दुखत न्हाय तं हात कनाला चोलतंस? सवय म्हणून, असं सांगितलं.

७ मे
अनंता घरी आला. छातीत स्टेंट घालून आलाय आणि डॉक्टर होऊन आलाय. माझ्याकडे टक लावून बघत म्हणाला, दादा, माझा पन असाच चालू झाला व्हता. त्याला म्हटलं, तू तुझ्या गोळ्या सांभाळ.

तरी समजूतदार माणूस म्हणून चेकअप ठरवून टाकलं. ११ ला. पण ११ ला सोमवार, ओपीडीत गर्दी. १२ ला मांडव सोडायचा. नंतर बघू. ठरवलं, हे महत्त्वाचं.

जबडाही दुखतोय. पाहुण्यांशी किती हसायचं?

९ मे, सकाळ
मांडवाला लावायची उंबराची फांदी आमच्याकडे नवरीच्या बापानेच तोडून आणायची. आणली. तोडल्यावर झाडाखाली जरा बसलो. मे महिना, घाम येणारच. घाम गार होता, हे मान्य. लोकांना वाटलं मी उंबराच्या पाया पडतोय. वाटू दिलं.

जनीला नाही वाटलं. म्हणाली, गाडीत बस, न्हाय तं १०८ बोलवीन. हळदीच्या दिवशी हिरामणच्या दारात दुसऱ्याची अ‍ॅम्ब्युलन्स! मेलो तरी चालेल, पण हे नाही. मीच चालवत जातो, एक गोळी घेतो, जेवणाच्या पंगतीला परत. अनंता म्हणाला, मी नेतो. सेकंड गिअर तुझा बाप टाकणार का, असं विचारलं. जनी शेजारी बसली आहे. बसू दे. फांदी मागे ठेवली आहे, आल्या आल्या लावता येईल.

११ मे, पनवेल
सलाईन उजव्या हाताला आहे म्हणून अक्षर असं.

परवा कॅज्युअल्टीच्या दारात नेहमीसारखा हॉर्न दिला. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावला, मला नमस्कार केला, थेट मागचं दार उघडलं. आत उंबराची फांदी. त्याने विचारलं, दादा, पेशंट कुठाय? मी म्हटलं, आधी गाडी नीट लावू दे. जनीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि रडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती.

कल्पिता सिस्टरनी माझेच प्रश्न मला विचारले. कधीपासून? मी म्हटलं, आजच. जनी म्हणाली, मंगलवारपासून. अ‍ॅटॅक. डॉक्टर म्हणाले, चालवत आलात आणि कोणाला उडवलं नाहीत, हे रस्त्यावरच्या लोकांचंही नशीब. तिथून पनवेलला १०८ नेच आणलं. मला आडवं करून. चांगली चालवली, हे लिहायला हरकत नाही.

अनंताने मागाहून येऊन इको परत नेली. सेकंड गिअर त्याला पहिल्या झटक्यात पडला म्हणे.

हळद लागली, लग्नही लागलं. पुढे ढकलू नका, असं मीच सांगितलं होतं. हळदीच्या दिवशीच हेमालीने व्हिडिओ कॉल केला. हळदीचं तोंड, त्यावर पाण्याचे दोन ओघळ. पप्पा, तुम्ही कधी येताय, विचारत होती. रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज फुल होती.

शेजारच्या बेडवर आज नवा माणूस आलाय. मला गॅसच आहे, उगाच आणलं, असं सकाळपासून सगळ्यांना सांगतोय. त्याला माझा नियम समजावला. ओझं, हात, घाम, चर्चा बंद. तो फार प्रभावित झाला. त्याने विचारलं, मग तुम्ही लगेच आलात?

जनी डबा घेऊन बेडच्या पायाशीच उभी होती. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं.