हिरड्यांवरचे ठिपके आणि गाईचा घास

चौसाळा, १२ जानेवारी १९७३

प्रिय ताईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझी तार पोचली. लगेच निघ म्हणतेस, पण हे हजेरीपटाचं काम टाकून मी येत नाही. हिरड्यांवर लाल ठिपके आल्याचं तुला उगाच कळवलं. इथे दुष्काळी कामावरच्या निम्म्या बायकांना ते आलेत. त्यांनी मिसरी चोळली, मी मीठ चोळलं. दोन्हीने हिरड्यांतून रक्त येणंच वाढलं.

काल डॉक्टर आले. तीन महिने नुसती भाकरी आणि सरकारी वाटपाची कोरडी सुकडी, ताजं काही नाही, म्हणून हे झालं म्हणाले. गोळ्या दिल्या, मिसरी बंद केली, कोमट मीठपाण्याच्या चुळा सांगितल्या. आणि पालेभाजी खा म्हणाले!

हिरवं इथे फक्त गुरांच्या छावणीत. सोसायटी गाईंसाठी कोवळा लसूणघास आणते. मुक्या जिवाच्या तोंडचं घेणं पाप, म्हणून कुणी हात लावेना. शेवटी आमच्यातलीच खडी फोडणारी छबुबाई छावणीतल्या स्वतःच्या गाईपुढची ओंजळभर पानं घेऊन आली. "तिला इचारलं. न्हाई म्हनली न्हाई. खावा बाई, लई वाळलाव तुमी."

तिचं पाहून आज सगळ्यांनी घासाची भाजी खाल्ली. माझा एक दात जरा हलतो, पण तो पुण्यातही हलत होता, आठवतं ना?

भाऊजींचा दमा कसा आहे? परसातला आवळा धरलाय का? लहानपणी आपले आवळ्यांनी फुगलेले खिसे सिस्टर एलिझानं वर्गासमोर रिकामे करवले होते. या वेळी खिशाने भागणार नाही, गोणी पाठव. आम्ही चाळीसजणी आहोत.

तुझी हट्टी,
कुमुद